उघडी राहिलेली नजर

सुप्याहून पारनेरकडं जाणाऱ्या रस्त्यावर, टायरच्या दुकानाच्या वर, एक खोली होती. तिच्या खिडकीला भर दुपारीही काळा पडदा असायचा. खाली कंपन्यांचे कंटेनर धूळ उडवत जायचे आणि वर, पडद्याच्या आत, कुणाची तरी हळद चालू असायची. हळदीनंतर अक्षता, अक्षतांनंतर पंगत, पंगतीनंतर पाठवणी. पाठवणीला नवरी रडायला लागली की पुष्पावती ठुबे तिला तिथंच थांबवून चहा ठेवायला उठायच्या. चहाला उकळी येईपर्यंत नवरी पडद्यावर तोंड वाकडं करून थांबलेली असायची.

पुष्पाबाई लग्नांचं मिक्सिंग करायच्या. शूटिंग त्यांचे यजमान रंगनाथ करायचे. चार-पाच तासांचं शूटिंग घरी यायचं, त्यातून दोन तासांचं लग्न काढायचं काम बाईंचं. दहावीनंतर शाळा सुटलेली. मशीन कसं चालवायचं हे रंगनाथनं एका उन्हाळ्यात शिकवलं, पुढं मशीन जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा बाईंनीच रंगनाथला शिकवलं. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, शिरूर या तालुक्यांतली हजाराच्या वर लग्नं त्यांच्या हाताखालून गेली. त्यातल्या बहुतेक माणसांना त्या कधी भेटल्या नाहीत. शिरूरच्या बाजारात एखादी बाई समोरून आली की बाईंना तिचं माहेर, तिचा रुसलेला मामा, तिच्या सासूनं पंगतीत सांडलेली बासुंदी, सगळं आठवायचं. ती बाई मात्र अनोळखी माणसाकडं बघावं तशी बघून पुढं जायची.

बाईंचा एक नियम होता. पडद्यावर कुणी कुणाकडं बघितलं, की पुढचा शॉट ज्याच्याकडं बघितलं त्याचाच पाहिजे. नजर उघडी ठेवायची नाही. हा नियम त्यांना मिरजगावच्या एका लग्नानं लावला. धंद्याचं दुसरंच वर्ष. त्या लग्नात नवरीची चुलती मंगलाष्टकं चालू असताना डावीकडं आठ सेकंद टक लावून बघत होती. बाईंनी तो शॉट तसाच ठेवला आणि पुढं भटजी जोडले. कॅसेट घरी लागली, वीस माणसं बसलेली, आणि कुणीतरी म्हणालं, चुलती बघतेय कुणाकडं? तेवढ्यावरून विषय वाढला. चुलता आणि नवरीचा बाप सात-आठ महिने बोलत नव्हते. चुलती बघत होती आइस्क्रीमच्या स्टॉलकडं. तो स्टॉल रंगनाथच्या शूटिंगमध्ये होता, बाईंनी तो काढून टाकला होता.

तेव्हापासून बाईंच्या लग्नात कुणी नुसतं कुठंतरी बघत नाही. खरा शॉट नसला तर त्या दुसरीकडचा आणून लावायच्या. मामा रिकाम्या खुर्चीकडं बघत असेल तर खुर्चीच्या जागी भाची. नजरेला नजर मिळाली की घरातली माणसं समाधानानं कॅसेट काढून फडक्यात गुंडाळून ठेवायची. हीच बाईंची कारागिरी, आणि तिचा त्यांना थोडा गर्वही होता.

रंगनाथ चार वर्षांपूर्वी गेले. त्यांचा जुना जोडीदार भागवत शूटिंग करून आणून द्यायचा, पण लोकांना आता दोन तासांचं लग्न नको होतं. तीन मिनिटांची रील हवी, ती तर भाचे-पुतणे मोबाईलवरच करतात. यंदाच्या सीझनला बाईंकडं सहा लग्नं आली. पुण्याला वाकडमध्ये राहणारी त्यांची मुलगी निकिता रोज फोनवर एकच सांगायची. आई, खोली बंद कर आणि इकडं ये. तू फार एकटी पडलीस तिथं. निकिताचं लग्न मोडून तीन वर्षं झाली होती, कंपनीतली नोकरी चांगली होती, चौदाव्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट होता. टायरवाल्यालाही वरची जागा माल ठेवायला हवी होती, त्यानं दिवाळीपर्यंत काय ते सांगा म्हटलं होतं. बाईंनी दोघांनाही बघू म्हणून सांगितलं होतं. जावं की राहावं हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

गणपती बसायच्या आठवड्यात पार्थ आला. सुप्यातल्याच कारभारी मास्तरांचा नातू, सत्तावीस वर्षांचा, मुंबईत पाच वर्षं काढलेला. त्याच्या हातात एक डिस्क होती आणि तिच्यावर स्केचपेननं ‘फायनल २’ लिहिलं होतं. त्यानं पिक्चर काढला होता. त्याचा एडिटर मित्र काम अर्ध्यात टाकून हैदराबादला नोकरीला लागला, पिक्चर बाहेरच्या एका महोत्सवाला वीस दिवसांत पोचायला हवा होता, आणि पैसे संपलेल्या पार्थच्या ओळखीत कॉम्प्युटर आणि तो चालवणारा माणूस दोन्ही असलेली एवढी एकच जागा होती.

पिक्चर म्हणजे चार वेगवेगळ्या गोष्टी होत्या, चारही मुंबईतल्या. एका टॉवरचा वॉचमन तळघरातल्या बारा पडद्यांसमोर बसून राहतो, पडद्यांवर लिफ्ट वरखाली होतात. एक मुलगी आपल्या वाढदिवसाला हॉटेलात दोन माणसांचं जेवण मागवते आणि दोन्ही ताटं थोडी थोडी खाते. एक रिटायर क्लार्क रोज सकाळी डबा घेऊन निघतो आणि दिवसभर एका मॉलच्या सरकत्या जिन्यावर वरखाली करत राहतो. आणि एक बाई तीन घरी स्वयंपाक करते, चौथ्या मजल्याच्या जिन्यात बसून आपली भाकरी खाते. चौघं कधी भेटत नाहीत. कुणी फारसं बोलतही नाही. काचा, दिवे, ओला रस्ता, मध्येच कुठूनतरी कुकरची शिट्टी.

बाईंनी सगळं एका बैठकीत बघितलं. शेवटी जिन्यातली बाई भाकरीचा घास हातात धरून वर बघते आणि बघतच राहते. पडदा काळा झाला. बाहेर मंडपाचे बांबू ठोकायचा आवाज येत होता.

“ही बघती कुनाकडं?” बाईंनी विचारलं.

“कुणाकडंच नाही, काकू.”

“आसं कसं?”

“बघायला कुणी नाही. म्हणून तर पिक्चर काढला.”

बाईंनी मान हलवली ती, स्वयंपाकात मीठ राहिलंय हे कळल्यावर हलवावी तशी.

पुढचे दिवस त्या मुंबईत राहिल्यासारख्या राहिल्या. सकाळी पडदा ओढायचा आणि तळघरात उतरायचं. दुपारी डोळा लागला की सगळं एकात एक मिसळायचं. एका दुपारी त्यांना दिसलं, कर्जतच्या एका मंगल कार्यालयात वॉचमन आलाय. हातात बॅटरी, डोक्याला पाहुण्यांना बांधतात तो फेटा. पंगतीत त्याच्या शेजारी हॉटेलातली मुलगी बसलीय, वाढपी तिच्यापुढं दोन पानं मांडतोय आणि ती सांगतेय, एकच ठेवा, एकच. क्लार्क स्टेजच्या पायऱ्या चढतोय, पण पायऱ्याच वर चालल्यात. कुणीतरी माईकवर त्याचं नाव पुकारतंय. त्या जाग्या झाल्या तेव्हा पडद्यावर खरोखरच वॉचमन थांबलेला होता, नजर वर केलेली, आणि डोक्याला फेटा नव्हता.

पार्थ आवाजाच्या कामासाठी तीन दिवस मुंबईला गेला. जाताना त्यानं सांगितलं होतं, फक्त शॉटच्या कडा सरळ करा, बाकी कशाला हात लावू नका. बाईंनी कडा सरळ केल्या. मग पहिली उघडी नजर आली. हात आपोआप पुढच्या गोष्टीत गेला. वॉचमन वर बघतो, जिन्यातली बाई वर बघते. मुलगी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघते, सरकत्या जिन्यावरचा क्लार्क खाली बघत हसतो. एक जोडला की दुसरा जोडल्याशिवाय राहवेना. तीन दिवसांत सतरा जोड बसले. चार गोष्टींची एक गोष्ट झाली. तिच्यात चार माणसं काचांपलीकडून एकमेकांना शोधत होती आणि थोड्या थोड्या वेळानं सापडत होती.

पार्थनं आल्यावर बघितलं आणि तो आधी लाल झाला, मग पांढरा. त्याचं म्हणणं असं की ही माणसं एकमेकांना ओळखतच नाहीत, एक गोरेगावात राहतो, एक चेंबूरला.

“लग्नात तरी कोन कुनाला वळखतं?” बाई म्हणाल्या. “नवरीकडचा नवऱ्याकडच्याला वळखत न्हाई. तरी बघतात ना.”

“काकू, तिथं कुणी बघत नाही. मी पाच वर्षं राहिलोय. हाच तर पिक्चर आहे.”

“मग तुझा पिक्चर बघून मानूस घरी काय घेऊन जाईल?”

पार्थ खुर्चीवर बसला आणि एकेक जोड काढायला लागला. बाई शेजारी उभ्या राहून, आपला परीक्षेचा पेपर कुणी तपासताना बघावं तसं बघत होत्या. सोळा जोड निघाले. सतराव्याला, वॉचमन आणि जिन्यातली बाई, तो थांबला. पाच वेळा मागंपुढं करून बघितला. मग उठून गच्चीवर गेला, परत आला आणि म्हणाला, हा राहू द्या. पिक्चर वेळेत गेला.

काम संपल्यावर खोली एकदम रिकामी वाटायला लागली. बाईंनी निकिताला फोन करून सांगितलं की पंधरा दिवस येऊन बघते, मग ठरवू.

वाकडच्या चौदाव्या मजल्यावरून समोर तसाच दुसरा टॉवर दिसतो. संध्याकाळी त्याच्या खिडक्यांत दिवे लागत जातात, कुठं निळसर, कुठं पिवळे, आणि बाईंना वाटायचं की आपण वॉचमनच्या जागी बसलोय. निकिता सकाळी आठला जायची, संध्याकाळी आठला यायची. मधला सगळा वेळ बाईंचा. समोरच्या बाल्कनीत अकराच्या सुमारास एक टक्कल असलेला माणूस कुंड्यांना पाणी घालायला यायचा. बाई आपल्या बाल्कनीत खुर्ची टाकून त्याच्याकडं बघायच्या. इथं शॉट जोडायला कुणी नाही, तेव्हा तो वर बघेपर्यंत आपणच बघत राहायचं, असा त्यांचा सरळ हिशेब होता. चार दिवस त्यानं बघितलं नाही. पाचव्या दिवशी बघितलं. बाईंनी हात वर केला. तो आत गेला आणि बायकोला घेऊन आला. दोघांनी मिळून बघितलं. मग दोघं आत गेली आणि पडदा ओढला गेला.

संध्याकाळी निकिता आली ती मोबाईल पुढं धरूनच. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज होता. बी विंगच्या चौदाव्या मजल्यावरून एक वयस्कर बाई रोज समोरच्या फ्लॅटमध्ये टक लावून बघतात, कृपया संबंधितांनी समज द्यावी. खाली चार-पाच अंगठे.

“आई, इथं असं बघत नाहीत.”

“मग कुठं बघत्यात?”

निकिताला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. ती फ्रिजचं दार उघडून उभी राहिली. कालची भाजी तिनं बाहेर काढली आणि दार तसंच उघडं ठेवून डब्यातूनच खायला लागली. बाई रोज हे बघत होत्या. गरम जेवण टेबलावर झाकलेलं असायचं, तरी पोरगी आधी पाच मिनिटं फ्रिजसमोर उभी असायची आणि आतल्या दिव्याकडं बघायची. आत बघण्यासारखं काही नव्हतं. दोन बाटल्या, लिंबं, एक दह्याचा डबा. पार्थच्या पिक्चरमध्ये हा शॉट असता तर बाईंनी तो एका मिनिटात ओळखला असता. सख्ख्या मुलीचा होता म्हणून आठवडा गेला.

निकितानं दार लावलं आणि ती खाली फरशीवरच बसली.

“एक विचारू? माझ्या लग्नाच्या व्हिडिओत अंतरपाट खाली येतो. मी वर बघते. मग तो माझ्याकडं बघून हसतो. तो शॉट कुठला आहे?”

बाईंनी टेबलावरचं झाकण काढलं, परत ठेवलं.

“अक्षता पडल्यानंतरचा. मित्र स्टेजवर आल्ते. त्यांच्याकडं बघून हसत हुता.”

“आणि अंतरपाट काढला तेव्हा?”

“तवाबी तिकडंच बघत हुता. मित्रांकडं.”

निकितानं मान हलवली. तिला हे बहुधा माहीत होतं, फक्त कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

“भांडण झालं की मी तो शॉट लावायचे,” ती म्हणाली. “म्हणायचे, तेव्हा तरी बघितलं होतं ना, परत बघेल. त्या एका शॉटवर मी सहा महिने जास्त राहिले त्या घरात.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं उठून हात धुतले, टेबलाशी बसली आणि पोळीचा तुकडा मोडला. बाई तिला वाढत राहिल्या. तीन सेकंदांचा शॉट होता तो. त्याच्या दोन्ही बाजूंचा उजेड सारखा करायला त्यांना एक अख्खी दुपार लागली होती, आणि सीझनमधलं सगळ्यात बेमालूम काम झालं म्हणून त्यांनी ते भागवतला बोलावून दाखवलंही होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पार्थला फोन लावला. तो जोड काढून टाक म्हणाल्या. पार्थ म्हणाला, काकू, पिक्चर गेला, आता निघत नाही.

“दुसरीकडं पाठवशील तवा काढ.”

“अहो, मला तर तोच सगळ्यात जास्त आवडतो.”

“आवडनारच. म्हनून तर काढ म्हनते.”

पार्थनं बरं म्हटलं. सुप्याला परत कधी येताय, असंही विचारलं. बाई म्हणाल्या, सामान न्यायला येईन. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपलं ठरलं. आई एकटी पडलीय म्हणून तिला बोलवायचं, असं निकिता तीन वर्षं म्हणत होती आणि बाईही तसंच धरून चालल्या होत्या. बोलावणारीला कोण हवंय, हे दोघींनीही विचारलं नव्हतं.

टायरवाल्याला चावी देऊन झाली. भागवतनं कॉम्प्युटर, दोन कपाटं आणि डिस्कची खोकी टेम्पोत घालून आणली. कॉम्प्युटर आडवा ठेवू नको म्हणून बाईंनी त्याला तीनदा बजावलं होतं, त्यानं तो सगळा रस्ता मांडीवर धरून आणला आणि वर येताच पाण्याआधी पाठीला बाम मागितला. खोली लावून झाल्यावर निकितानं खोक्यावरची नावं वाचली. मिरजगाव, बेलवंडी, देवळाली प्रवरा. एकावर तिचंच नाव होतं.

“हे न जोडलेलं आहे?”

“व्हय. जसं काढलं तसं. तीन तास चाळीस मिनिटं.”

रविवारी दुपारी त्यांनी ते लावलं. बाईंनी सवयीनं पडदा ओढला, समोरचा टॉवर गेला. न जोडलेलं लग्न फार लांब असतं. माणसं उगाच उभी असतात, फुलं नीट करतात, जांभया देतात. नवरा मित्रांकडं बघत होता, मोबाईलकडं बघत होता, एकदा घड्याळाकडं. निकिता ते शांतपणे बघत होती. सहा महिने ताणून धरण्यासारखं त्यात काही नव्हतं. न आवडणाऱ्या माणसाचा चेहराही नव्हता तो, नुसता कंटाळलेल्या माणसाचा होता.

मग पडद्यावरच्या निकितानं मान वळवली आणि सरळ समोर बघितलं. शालूत, मुंडावळ्यांत, थेट बाहेर, या खोलीत. थोडी हसली. परत खाली बघितलं. पाच मिनिटांनी पुन्हा तसंच. हार घातल्यावर पुन्हा. कन्यादानाला मामा-मामी बसले त्याआधी एकदा, तेव्हा हसली नाही.

“हे व्हिडिओत नव्हतं,” निकिता म्हणाली.

“कॅमेऱ्याकडं बघितलेलं ठिवत न्हाईत. चूक असती ती. सगळं काढलं मी.”

“आई, मी कॅमेऱ्याकडं बघत नव्हते.”

बाईंनी पडद्याकडं बघितलं. मुलीच्या लग्नात भागवत शूटिंग करतो म्हणाला होता, रंगनाथनं त्याला कॅमेऱ्याला हातही लावू दिला नव्हता. त्यामुळं आख्ख्या लग्नात बाप कुठं दिसत नाही, अशी पाहुण्यांची तक्रार होती. पडद्यावर निकिता आणखी एकदा मान वर करून बघत होती. ती जितका वेळ बघत होती तितका वेळ फ्रेम तिच्यावर होती, जवळ गेली नाही, इकडंतिकडं हलली नाही. एकदाच थोडी खाली उतरली आणि परत वर आली.

पंगत सुरू झाली तसं निकितानं विचारलं, अशी किती ठिकाणं आहेत? बाईंना नक्की सांगता येईना. काढताना मोजली नव्हती.

“मग मागं घे,” निकिता म्हणाली. “पहिल्यापासून बघू.”